वडील गेल्यानंतरची पहिली आखाजी : माहेरी जावे की नाही?

पांझराकाठची

नमस्कार मंडळी. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणत असू, गेल्या भाद्रपदात गेले. आमचे गाव साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आहे आणि मी लग्नानंतर नाशिकला असते. आखाजी जवळ आली आहे. भावाचा फोन येऊन गेला की यंदा मुराळी म्हणून तो न्यायला येतो, आणि मला त्याला लगेच हो म्हणता आले नाही, कारण इतकी वर्षे मला न्यायला आप्पाच येत असत.

खानदेशाबाहेरच्या सभासदांसाठी थोडे सांगते. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि आमच्याकडे तिचे महत्त्व दिवाळीएवढे मानतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराईची गाणी होतात, निंबाला झोके बांधतात. त्याच दिवशी सकाळी घरोघरी पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आमरस, पुरणाची पोळी आणि सांजोरीचा नैवेद्य करतात आणि जळत्या गोवरीवर तूप सोडून पितरांच्या नावाने आगारी टाकतात. लेकीचे माहेरपण आणि वडिलांची घागर हे दोन्ही एकाच दिवशी येते, आणि नेमके तेच मला झेपेल असे वाटत नाही.

आप्पा आमच्या फडावर पाटकरी होते. पांझरेवर जुन्या बंधाऱ्यांच्या पाण्यावर चालणारी फड पद्धत आहे. गावाचे सगळे भिजणारे रान फडांमध्ये वाटलेले असते, एका फडात एकच पीक घेतात आणि बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे पाटकरी सांभाळतो, शेतकऱ्याने स्वतः बारे धरायचे, म्हणजे पिकाला पाणी द्यायचे नसते. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी पंच भिजवायचे फडच कमी करतात, म्हणजे तुटीचा वाटा सगळ्यांच्याच पदरात सारखा पडतो. आप्पांच्या पाळीच्या वह्या आजही घरी आहेत. जांभळी उमटणाऱ्या पेन्सिलीने लिहिलेल्या, कडा पाण्याने फुगलेल्या, आणि जिथे कोणाची पाळी चुकली असेल तिथे बाजूला बारीक फुली आणि पुढच्या पाळीत भरून दिल्यावर त्या फुलीभोवती गोल.

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि आमच्या विभागाच्या पाळ्या मीच लावते. सणासुदीला माणसे कमी पडली की कोणा एकीवर सगळ्या रात्रपाळ्या न टाकता प्रत्येकीला थोडे थोडे सोसायला लावते, आणि जिच्यावर अन्याय झाला तिच्या नावापुढे फुली करते. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नाही. रोज तो तक्ता भरताना आप्पा हाताशी असतात, म्हणून कामावर मला रडू येत नाही. माहेरच्या ओसरीवर मात्र त्यांची जागा रिकामी दिसेल, याची मला भीती वाटते.

ज्यांनी अशी पहिली आखाजी काढली आहे त्यांनी काय केले, हे कृपया मोकळेपणाने लिहा.

चाळीसगावची_लेक

जा. तुम्ही गेला नाहीत तर त्या दिवशी तुमची आई दिवसभर दाराकडे पाहील. एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

गिरणेचे_पाणी

माझे मत वेगळे आहे. आमच्या भावकीत पहिले वर्ष सण करत नाहीत, आणि ही रीत मला निर्दय वाटत नाही, उलट ती माणसाला सवड देते. मी भाऊबंदांचा आग्रह मोडवला नाही म्हणून पहिल्याच वर्षी गेले होते. गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी एकेक करून भेटायला आल्या, प्रत्येकीने गळ्यात पडून रडायला लावले आणि नंतर त्या झोक्याकडे गेल्या. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. त्यांचा सण होता आणि माझा दुखवटा होता. पुढे मी एक पद्धत ठेवली : आखाजीच्या आठ दिवस आधी जायचे, आईजवळ राहायचे, घरात तिला हातभार लावायचा आणि सणाच्या आदल्या दिवशी परत यायचे. पांझराकाठची यांनी याचाही विचार करावा.

रावेर_कांदेबाग

गिरणेचे_पाणी यांच्या अनुभवाचा मान ठेवून लिहितो की आखाजी हा मुळात पितरांचाच दिवस आहे. दिवाळी करू नये, रंग खेळू नये, हे मी समजू शकतो. पण ज्या दिवशी पितरांना बोलावतात त्याच दिवशी, नुकत्याच गेलेल्या माणसाच्या लेकीने दूर राहावे, हे मला पटत नाही.

थोडे विषयांतर होईल, पण सांगतो. आमच्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला पुरे होते आणि नवे साल ठरते. नाना, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी सकाळी घागर भरून झाली की सालदाराचा हिशेब करत आणि तो पुरा झाल्याशिवाय जेवायला बसत नसत. नाना गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला मी भांबावून बसलो होतो. माझी मोठी बहीण माहेरी आलेली होती. तिने कपाटातून वही काढली, उचल वजा केली, ओसरीवर बसून पैसे मोजून दिले आणि मगच मला ताटावर बसवले. नानांची शिस्त तिच्यात जास्त उतरली आहे हे घरातल्या सगळ्यांना त्या दिवशी दिसले, आणि तेव्हापासून केळीच्या कापणीपासून मुलांच्या शिक्षणापर्यंत कोणताही मोठा निर्णय मी तिला विचारल्याशिवाय घेत नाही.

तिघी_बहिणी

आम्हाला भाऊ नाही. वडील गेले तेव्हा भावकीने चुलतभावाचे नाव पुढे केले आणि मी नाही म्हटले. मडके मी धरले, अग्नी मी दिला. स्मशानातून परतताना एक वडीलधारे गृहस्थ माझ्याशी बोलले नाहीत, ते आजही बोलत नाहीत. आता प्रत्येक आखाजीला आम्ही तिघी मिळून घागर भरतो. धाकटीच्या सासरी पहिल्या वर्षी कुरबुर झाली, दुसऱ्या वर्षी तिच्या सासूबाईंनी स्वतः डांगर आणून दिले.

पांझराकाठची, तुम्ही जा आणि घागरीला तुमचाही हात लागू द्या. मुलीच्या हातचे पाणी पितरांना पोहोचत नाही असे कोणी म्हणाले, तर त्या माणसाने आयुष्यभर कोणाच्या हातचे पाणी प्यायले हे त्याला विचारावे.

निवृत्त_शिक्षक_अमळनेर

या धाग्यावर लेकींचे दुःख फार हळुवारपणे मांडले जात आहे आणि ते वाचून मी अनेकदा थांबलो. एक बाजू मात्र नोंदवाविशी वाटते. मुलगी बापाची लाडकी आणि मुलगा कोरडा, असे आपण सहज बोलून जातो. वडील गेल्यावर मुलाला तिरडी बांधण्यापासून गंधमुक्तीच्या स्वयंपाकाला माणसे लावण्यापर्यंत इतकी कामे असतात की त्याचे रडणे राहून जाते, आणि नंतर त्याला कोणी विचारत नाही. तुमचा भाऊ मुराळी म्हणून येतो म्हणाला, यात त्याचीही काही गरज असेल. आप्पा ज्या वाटेने तुम्हाला आणायला जात, त्या वाटेने त्याला एकदा जाऊन यायचे असेल. माझे वडील गेल्यावर मीही बहिणीला आणायला गेलो होतो. परतीच्या एस.टी.त आम्ही भावंडे वडिलांविषयी जेवढे बोललो तेवढे त्याआधी कधीच बोललो नव्हतो.

पांझराकाठची

सर, भावाच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. आज रात्री त्याला फोन करते.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

मी शहादा तालुक्यातली आहे. तुम्हा सगळ्यांचे वडील वाचताना मला माझे लिहावे की नाही हा प्रश्न पडला, तरी लिहिते, कारण असे वडीलही असतात आणि त्यांच्याही लेकी रडतात. दहावीनंतर माझ्या वडिलांनी मला शाळेतून काढले. गुण चांगले होते, बाई घरी येऊन विनवून गेल्या, तरी त्यांनी ऐकले नाही. लग्नानंतर, मुले शाळेत जायला लागल्यावर, मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. पदवी मिळाल्याचे सांगायला मी पेढे घेऊन गेले होते. त्यांनी पेढा घेतला, खाल्ला आणि पावसाची चौकशी केली. त्या विषयावर ते शेवटपर्यंत बोलले नाहीत.

ते गेले तेव्हा मला दुःख झाले आणि रागही आला, आणि दोन्हींपैकी काहीच पुरते ओसरलेले नाही. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र मी घेतली आहे. पेरणीआधी ते कोणत्याही पिशवीवरच्या छापावर विश्वास ठेवत नसत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडून ते गुंडाळून ठेवत आणि चार-पाच दिवसांनी उलगडून किती कोंब आले ते मोजत. सत्तरच्या खाली आले तर बियाणे बदलत किंवा एकरी जास्त टाकत. आज आमच्या शेतात हे काम मी करते. गोणपाट उलगडताना ओल्या तागाचा वास येतो आणि ते शेजारी बसून मोजत आहेत असे वाटते. त्यांना क्षमा केली का, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

चाळीसगावची_लेक

ताई, तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले. क्षमेचे उत्तर द्यायला तुम्ही कोणाला बांधलेल्या नाहीत.

भुसावळ_जंक्शन

माझे बाबा रेल्वेत गार्ड होते. 2022 साली रेल्वेने या पदाचे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केले, ते पाहायला बाबा नव्हते, असते तर त्यांना ते नाव मुळीच आवडले नसते. एप्रिल 2021 मध्ये करोनाने ते गेले. आम्हाला शेवटचे दर्शन लांबून मिळाले, ना दहावा धड झाला, ना कोणी भेटायला आले. त्यामुळे माझ्यासारख्या ज्या लेकींचा निरोपच राहून गेला, त्यांना आखाजीच्या दिवसाची फार गरज असते. पहिल्या वर्षी आम्ही घागर भरली तेव्हा आई प्रथमच मोठ्याने रडली, आणि त्यानंतर ती पोटभर जेवली.

एक व्यवहाराची सूचना करते. वडिलांचा मोबाइल क्रमांक लगेच बंद पडू देऊ नका. रिचार्ज नसलेला क्रमांक कंपनी काही मुदतीनंतर बंद करते आणि पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला देते. त्या क्रमांकावर बँकेचे, गॅसचे आणि पेन्शनचे निरोप येत असतात, ती कामे आधी मार्गी लावा. त्यांचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप असतील तर ते वेगळे साठवून ठेवा. बाबांचा एकच निरोप माझ्याकडे उरला आहे. त्यात ते एवढेच विचारतात की गाडी वेळेवर आहे का.

धुळे_दिवाणी

मी वकिली करते. शोकाच्या धाग्यावर कायद्याचे बोलणे काहींना रुक्ष वाटेल, परंतु माझ्या कामात लेकींच्या दुःखाशी ज्या गोष्टीची सर्वांत जास्त गाठ पडते ती मी सांगितलीच पाहिजे. तेराव्याच्या मांडवात, डोळे सुजलेले असताना, बहिणींपुढे हक्कसोड पत्राचा कागद येतो. ‘वारस नोंदीसाठी सही लागते’ एवढेच सांगितले जाते. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस म्हणून मुलींची नावे सातबाऱ्यावर लागायलाच हवीत, त्यासाठी हक्क सोडावा लागत नाही.

हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतःच हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत तर, त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल तेव्हा, 1956 च्या मूळ कायद्यापासूनच मुलगी, मुलगा, पत्नी आणि आई यांचा सारखा वाटा आहे. हक्क सोडायचाच असेल तर तो खुशीने आणि विचार करून सोडावा, कारण नोंदणी झालेले हक्कसोड पत्र रद्द करून घेणे फार अवघड असते. दुःखाच्या पहिल्या महिन्यांत कोणत्याही कागदावर सही करू नये.

गिरणेचे_पाणी

आपण सांगितले ते खरे असेल, पण बाप गेल्याचे दुःख सांगणाऱ्या मुलीच्या धाग्यावर जमिनीचा विषय काढणे मला बरे वाटले नाही. वाट्याचे नाव निघाले की माहेर तुटते, हे मी माझ्या नणंदेच्या बाबतीत पाहिले आहे.

तिघी_बहिणी

ज्या माहेरात सही केली तरच पाटावर बसवतात, ते माहेर आधीच तुटलेले असते. आणि आप्पांच्या फडाचे वर्णन मी पुन्हा वाचले. प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा आणि तुटीतही सगळ्यांना सारखा वाटा. ज्या माणसाने जन्मभर असे वाटप सांभाळले, त्याच्या लेकीच्या धाग्यावर वाट्याचा विषय निघाला तर त्यात वावगे काय आहे?

पांझराकाठची

मला त्या चर्चेने त्रास झाला नाही. वकीलताईंचे आभार. आमच्याकडे वारस नोंद झाली आहे, आईचे, भावाचे आणि माझे अशी तिन्ही नावे लागली आहेत, आणि ती लावायला भावानेच तलाठी कार्यालयात हेलपाटे घातले.

शिरपूरची_आजी

बाळ, माझे वय झाले आहे आणि नात हे टंकून देत आहे. सगळ्यांनी तुझ्याविषयी लिहिले, आता तुझ्या आईविषयी मी विचारते. आमच्याकडे आखाजीला सकाळी उंबरठा पुजतात, त्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवताना घरातल्या एकेका पितराचे नाव घेतात आणि त्यांना आत बोलावतात. तुमच्याकडे हे करत असतील तर इतकी वर्षे तुझ्या आईनेच केले असेल, सासरच्या सगळ्या पिढ्यांची नावे तिलाच पाठ असतील. यंदा तिचे कुंकू गेले म्हणून कोणीतरी तिला बाजूला बसायला सांगेल आणि सुनेला पुढे करेल. माझ्या बाबतीत हेच झाले होते. ज्या माणसाबरोबर जन्म काढला त्याचे नाव पहिल्यांदा उंबरठ्यावर घ्यायची वेळ आली, तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या तोंडाशी आलेले नाव दुसऱ्या बाईने घेतले.

तू जा, आणि आईचा हात धरून तिला उंबरठ्याशी बसव.

निवृत्त_शिक्षक_अमळनेर

आजींनी मर्मावर बोट ठेवले. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. असे ठराव ग्रामपंचायतीच्या कपाटात राहू नयेत, घरच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावेत असे वाटत असेल, तर ते काम लेकींनाच जमते. सुनेने आग्रह धरला तर तिला उद्धट ठरवतात, माहेरवाशिणीला त्या दिवशी कोणी मोडता घालत नाही.

रावेर_कांदेबाग

सर, हे अगदी खरे. आमच्या घरीसुद्धा आईला पुढे बसवले ते बहिणीनेच. मला सुचले नव्हते असे नाही, पण बोलायचे धाडस तिने केले.

पांझराकाठची

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. भावाशी बराच वेळ बोलले. शिक्षक सर म्हणाले तसेच निघाले. त्याने सांगितले की तो रोज संध्याकाळी बंधाऱ्यापर्यंत जाऊन येतो आणि आप्पा कोणत्या दारापाशी उभे राहून पाण्याचा अंदाज घेत ते पाहतो, पण त्याला तो अंदाज येत नाही. मला येतो, कारण सुट्टीत मी त्यांच्यामागे पाटाने हिंडत असे. दाराच्या दगडावर एक ओली रेघ असते, ती किती खाली गेली यावरून शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचेल की नाही हे ते सांगत. ती रेघ मी त्याला प्रत्यक्ष दाखवायची, असे ठरले आहे.

तेव्हा मी जाणार आहे. भाऊ न्यायला येईल आणि आम्ही एस.टी.नेच जाऊ. आजी, आईला मी विचारले. उंबरठ्याजवळ बसशील ना, असे म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘जेवन व्हयनं का बेटा?’ तिला अवघड झाले की ती नेहमी हेच विचारते. मी तो होकार मानते आहे, आणि वहिनीशीही बोलून ठेवले आहे. ती म्हणाली की नावे आत्यांनी, म्हणजे आईनेच घ्यावीत, तिला सगळी येतही नाहीत.

पाळीच्या वह्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवणार आहे. त्यांच्या जागी आलेल्या पाटकऱ्याने शेवटच्या काही वर्षांच्या वह्या पाहायला मागितल्या आहेत. वह्या द्यायला माझा हात धजत नव्हता, पण कोणत्या शेताची किती पाळी राहून गेली हे त्यांत लिहिलेले आहे आणि त्या फुल्यांना अजून गोल झालेले नाहीत. त्यामुळे त्या त्याला द्याव्याच लागतील.

गिरणेचे_पाणी

तुमचा निर्णय वाचून बरे वाटले. माहेरवाशिणी भेटायला येऊन रडवतील, तेव्हा आईला आत एकटी सोडू नका, एवढेच माझे सांगणे आहे.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

पांझराकाठची, तुमच्या घरचे वाचून मलाही यंदा जावेसे वाटेल असे काहींना वाटले असेल. माझ्या भावाचाही निरोप आला होता. मी आईला भेटायला आखाजीनंतर जाणार आहे. घागरीला हात लावायला मन अजून तयार नाही आणि वडिलांच्या नावाने खोटे काही करायचे नाही, एवढे मी ठरवले आहे. तुम्ही परत आल्यावर आईने नावे घेतली का, ते मात्र जरूर लिहा.